पाणी घोट्याला लागायच्या आत

कृष्ण एकादशी

दाभोळच्या धक्क्यावर दुपारी उतरलो, तेव्हा मला न्यायला होडी घेऊन आलेले प्रकाशराव आधी मनापासून हसले आणि मग म्हणाले, "भाऊ, चार दिस लवकर आलाव."

"सुजाताताईंनी अवसेच्या सुमारास या म्हणून सांगितलं होतं. शनिवार-रविवार जोडून आलो," मी म्हटलं.

"अवस शनवार-रयवार बगून येत नाय," असं म्हणून त्यांनी माझी बॅग होडीत ठेवली.

ही चूक खास देशावरच्या माणसाची. मी मिरजेच्या बाजूचा, गेली पंचवीस वर्षं पुण्यात. आमच्याकडे पाणी वारानं येतं. पाटाच्या पाण्याची पाळी बुधवारची, की बुधवारी माणूस फावडं घेऊन बांधावर हजर. खाडीकाठी पाणी तिथीनं चालतं. अवसेला आणि पुनवेला उधाण. तेव्हा भरती मोठी आणि सुकतीही मोठी, म्हणजे ओहोटीला पाणी इतकं खाली जातं की खाडीच्या मध्यात रेतीचे लांब पट्टे उघडे पडतात. त्यांना इथे दांडे म्हणतात. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. तेव्हा पाणी ना धड चढत, ना धड उतरत. मला ज्या सभेला बोलावलं होतं ती दांड्यावर भरणार होती. सभेची जागाच अजून पाण्याखाली होती.

होडीतूनच फोन करून रजा वाढवली. आज त्या चुकीचे आभार मानतो. दोनच दिवस असते तर मी माझं मन मोकळं करून, हलका होऊन परत आलो असतो. जास्त दिवस राहिल्यामुळे दुसऱ्यांचं ऐकून घेणं भाग पडलं.

वाशिष्ठीची खाडी दाभोळपासून आत वळते तशी रुंदी कमी होत जाते आणि दोन्ही अंगांचे डोंगर जवळ येतात. पौष लागायचा होता. काठाच्या झुडपांत बगळे बसलेले, वर कातळावरचं गवत वाळून सोनेरी झालेलं. प्रकाशराव वल्हं मारता मारता मला दोन्ही तीरांची नावं सांगत होते. मी ती बहुतेक ओळखत होतो आणि ओळखतो म्हणायला धजावत नव्हतो.

कारण मी पहिल्यांदा आलो नव्हतो. बारा वर्षांपूर्वी मी मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत खरेदीचं काम करायचो आणि या वाडीतल्या बायकांकडून तिसऱ्या घ्यायचो. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या रेतीत वाढणारे शिंपले. सुकतीला दांडा उघडा पडला की बायका वाकून, रेती चाचपून ते काढतात. वाडीत दोन दांडे, वरचा आणि खालचा. त्यांचे दोन नियम होते. एका वर्षी वरचा मोकळा तर खालचा बंद, पुढच्या वर्षी उलट. बंद दांड्यावर बांबू रोवून त्याला लाल चिंधी बांधायची. आणि प्रत्येकीच्या टोपलीच्या काठाला तान्ह्या मुलीची एक पितळी बांगडी लटकवलेली. जी तिसरी त्या बांगडीतून सुटेल ती परत रेतीत.

मी त्यांना प्लास्टिकच्या चाळण्या आणून दिल्या, बांगडीपेक्षा बारीक भोकांच्या. दूरच्या बाजारात लहान शिंपल्यांना मागणी होती आणि दुसऱ्या देशांतले लोक आमच्यापेक्षा स्वस्त देत होते. ऑफिसात तेव्हा एकच शब्द ऐकू यायचा, स्पर्धा. स्पर्धेत टिकायचं तर माल जास्त हवा, वेळेवर हवा आणि स्वस्त हवा. दुसऱ्या हंगामात मी बंद दांड्यावरचा बांबू काढायला सांगितला. चंद्राबाई नावाच्या एका बाईंनी विचारलं होतं, "साहेब, पुढल्या साली गावतील ना?" मी हसून म्हटलं, "खाडी काय आटते का?"

तिसऱ्या हंगामात पोती निम्मी भरू लागली. मला दिसत होतं. मी कुणाला काही बोललो नाही, फक्त गाडीच्या फेऱ्या कमी केल्या. चौथ्या हंगामात गाडी पाठवलीच नाही. कंपनीला दुसरी खाडी मिळाली होती.

प्रकाशरावांची बायको सुजाताताई तेव्हा तिशीतली होती. आता ती बायकांच्या गटाची प्रमुख आहे. माझं जुनं कार्ड तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलेलं होतं. "शिव्या द्यायला कुणीतरी नावानं पायजे ना," असं तिनंच फोनवर सांगितलं. त्या फोनचं कारण मात्र शिव्या नव्हतं. दोन्ही दांडे रिकामे झाल्यावर कितीतरी वर्षं काहीच उगवलं नाही. मग हिच्या गटानं खालचा दांडा सलग तीन वर्षं बंद ठेवला, आणि आता तो भरला आहे. आणि आता नवा व्यापारी आला आहे. तो म्हणतो, खालचा दांडा याच उधाणाला उघडा, नाहीतर मी दुसऱ्या खाडीत जातो.

"बायका माजं आयकत नायत," ती म्हणाली होती. "मी त्यांच्यातलीच पडले. तुमी येऊन सांगा तवा काय झालं ते. दुसरं काय नको."

रात्रीच्या जेवणाला कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा. आमच्याकडे पाहुणा आला की त्याच्यासाठी काहीतरी वेगळं करायचं म्हणून घर दोन तास चुलीपाशी असतं. इथे जे होतं तेच माझ्या ताटात आलं, फक्त आधी आलं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली मी दोनदा भात मागून घेतला. ज्या घराचं उत्पन्न मी बुडवलं त्या घरात मला भूक लागली होती, याची लाज वाटली. सुजाताताईनं पातेलं पुढे सरकवलं आणि म्हणाली, "लाजताव कशाला? भात काय तिसऱ्यांचा हाय?"

त्रयोदशी

दोन दिवसांत पाणी थोडं थोडं उतरू लागलं. सुजाताताई मला वरचा दांडा दाखवायला घेऊन गेली. तो अजून पुरता उघडा पडला नव्हता, गुडघाभर पाण्यात होता. होडीतून उतरताना मी बूट काढायला विसरलो. दुसऱ्याच पावलाला डावा पाय चिखलात मांडीपर्यंत गेला. पाय ओढला तर पाय आला, बूट राहिला. शोधायला हात घातला तर उजवा पायही गेला आणि मी तिथंच पाण्यात बसलो.

पाच-सहा बायका शिंपले चाचपत होत्या. त्या सगळ्या थांबल्या.

"काय गो सुजाता, हा पण बांगडीतनं सुटतो का बग, नायतर टाक परत," एक जण म्हणाली आणि हशा पिकला.

मला ओढून काढायला जी पुढे आली ती साठीच्या आसपासची, काळीसावळी, काटक बाई. तिनं माझ्या काखेत हात घातला आणि उसाची मुळी उपटावी तसं मला उभं केलं. मग तोंडाकडे पाहिलं. चंद्राबाई.

"कंपनीचे साहेब ना ओ तुमी?"

"हो."

"जाड झालाव," एवढंच म्हणून त्या परत पाण्यात वाकल्या.

बूट सापडला नाही. उरलेले दिवस मी प्रकाशरावांच्या चपला घालून फिरलो.

वरच्या दांड्यावर चंद्राबाईंना दीड तासात जेमतेम दोन ओंजळी तिसऱ्या मिळाल्या. त्यातल्या निम्म्या बांगडीतून सुटल्या आणि त्यांनी त्या मागे न पाहता खांद्यावरून रेतीत टाकल्या. परतताना सुजाताताईनं मला सगळं सांगितलं. चंद्राबाईंचा नवरा कधीच वारला. एकच मुलगी, शोभा. तिसऱ्या संपल्या त्या वर्षी ती मुंबईला घरकामाला गेली ती गेलीच. वर्षातून दोनदा येते, गणपतीला आणि शिमग्याला. चंद्राबाईंचे गुडघे आता दुखतात. खालचा दांडा उघडला आणि व्यापाऱ्याची गाडी नियमानं येऊ लागली, तर शोभा नोकरी सोडून परत येईन म्हणते.

"मग चंद्रावयनी दांडा उघडायच्या बाजूनं हाय," सुजाताताई म्हणाली. "आणि ती जिकडं, तिकडं अर्धी भोईवाडी." वाडीचे दोन भाग, चंद्राबाईंची भोईवाडी आणि सुजाताताईची बौद्धवाडी.

म्हणजे मी ज्या बाईचं नुकसान केलं होतं, तिच्याच मुलीची वाट अडवायला मला बोलावलं होतं. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या संध्याकाळी मी सुजाताताईला म्हटलं की मी बोलणार नाही, परत जातो. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. पाठ न वळवता म्हणाली, "मागच्या खेपेला पण न बोलताच गेलाव."

मी थांबलो. भाकरी खाल्ली. ती तव्यावरून थेट ताटात पडत होती, तांदळाची, पांढरी, पातळ, कडेनं किंचित फुटलेली. आमच्या ज्वारीच्या भाकरीला जोर लागतो, हिला पाण्याचा हात लागतो. आठवलं की अजून तोंडाला पाणी सुटतं.

चतुर्दशी

सकाळी नवे व्यापारी आले. कदम त्यांचं आडनाव. चाळिशीचे, बोलायला मऊ. मुंबई-गोव्यातल्या हॉटेलांना मासळी पुरवतात. मी त्यांना खलनायक म्हणून भेटायची तयारी केली होती, आणि पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी प्रकाशरावांच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनची चौकशी केली. आम्ही दोघं अंगणात चहा घेत बसलो.

"तुम्ही या लाइनमध्ये होता ना? मग तुम्हाला माहीतच आहे," ते म्हणाले. "मी थांबलो तर हॉटेलवाला थांबत नाही. त्याला कुणीतरी परदेशातनं बर्फातला माल आणून देतो. तोही स्वस्त. मला रोज सकाळी कुणाशी तरी शर्यत लावावी लागते."

"आणि ताईंचा दांडा?"

"मी काय कायमचा ओरबाडायला सांगतोय का? एकदा गिऱ्हाईक हातात येऊ दे, मग नियम पाळू."

हे वाक्य माझं होतं. शब्दांसकट. मी ते ऑफिसात म्हणायचो आणि ते म्हणताना माझा त्यावर विश्वास असायचा. एकदा गिऱ्हाईक हातात आलं की मग. पण ती वेळ कधी आली नाही, कारण हातात आलेलं गिऱ्हाईक हातात ठेवायलाही तेवढंच धावावं लागतं. आमच्या गावीही हेच झालं. शेजाऱ्याचा ऊस उंच दिसतो म्हणून माझ्या वडिलांनी जास्तीचं पाणी सोडलं, आमचा उंच दिसतो म्हणून शेजाऱ्यानं. आज दोघांच्याही रानावर मीठ फुटलेलं आहे आणि तिथं ऊस काय, गवतही धड येत नाही. हे मी कदमांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "खरं आहे. पण आज संध्याकाळी हॉटेलवाल्याला काय सांगू, ते सांगा."

मी उरलेला चहा संपवला.

दुपारी मी बॅगेतून एक पुस्तिका काढून सुजाताताईला दाखवली. कंपनीची वार्षिक पुस्तिका, गुळगुळीत कागदावरची. तिच्यात एक पान शाश्वत विकासावर होतं आणि ते मी लिहिलं होतं. पानभर फोटो होता चंद्राबाईंचा, हातात तिसऱ्यांनी भरलेली टोपली. तो काढला तेव्हा टोपलीची बांगडी मी स्वतः सोडवून ठेवली होती, कारण ती फोटोत कशी दिसेल असं वाटलं. ही पुस्तिका इतकी वर्षं मी कुणाला दाखवली नव्हती. बायकोलाही नाही.

सुजाताताईनं खालचा मजकूर वाचला, पुन्हा एकदा वाचला. "उद्या हेच वाचा," ती म्हणाली. "भाषण नको."

अमावस्या

त्या वाडीत दांड्याविषयीचा निर्णय दांड्यावर उभं राहूनच होतो आणि चढतं पाणी घोट्याला लागायच्या आत व्हावा लागतो. कारण मी विचारलं तर सुजाताताई म्हणाली, "घरात सभा भरवली की पुरुष बोलत बसतात. हितं पाणी बसू देत नाय."

संध्याकाळची सुकती पाचच्या सुमारास पुरी झाली. होड्यांतून वीस-बावीस बायका खालच्या दांड्यावर उतरल्या. भोईवाडीच्या एकीकडे, बौद्धवाडीच्या दुसरीकडे, मध्ये बांबू आणि त्याची लाल चिंधी. कदम पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले होते. मी प्रकाशरावांच्या चपला हातात धरून उभा होतो. पायाखालची रेती जिवंत होती. जिथे पाऊल पडे तिथे आजूबाजूनं पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत, आत दडलेल्या तिसऱ्या पाणी सोडत होत्या. बारा वर्षांपूर्वी मी शेवटचा इथे उभा होतो तेव्हा एकही उडाली नव्हती.

कदम आधी बोलले, थोडक्यात आणि नीट. माल भरपूर घेईन, दर उधाणाला गाडी येईल, पण आत्ता ठरवा. "तुम्ही नाही दिलं तर दुसऱ्या खाडीतले देतील. मग माझ्याकडून पुन्हा इकडे येणं व्हायचं नाही."

भोईवाडीच्या बाजूला माना हलल्या. एक जण म्हणाली, "खरं हाय त्यांचं. आमी राखायचं आणि पलीकडच्यांनी पैसं करायचं?"

सुजाताताईनं माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तिका उघडली. फोटो आधी हातोहात फिरला.

"गो बाय, चंद्रावयनी किती बारीक हुती!"

"लुगडं माजं नवं हुतं ते," चंद्राबाई म्हणाल्या. "खाली काय लिवलंय?"

मी वाचलं. "खाडीचं भविष्य जपणारे हात. आमची कंपनी निसर्गाकडून तेवढंच घेते जेवढं निसर्ग पुन्हा देऊ शकतो."

कुणी हसलं नाही. मी पुढे बोलायला लागलो ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की हे मीच लिहिलं, असं मी सांगितलं. लिहिलं तेव्हा पोती निम्मी येत होती हे मला माहीत होतं, गाडी बंद होणार हे तुमच्या आधी दोन महिने माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही, हेही सांगितलं. माझा आवाज कापायला लागला.

"साहेब," चंद्राबाईंनी मला तोडलं. "तुमी माफी मागाया आलाव का आमाला उपाशी ठेवाया?"

मी पुस्तिका मिटली.

"रडायचं आसंल तर काठावर जावन रडा. पाणी फिरलंय. कामाचं काय आसंल तर बोला. हे म्हनतात दुसऱ्या खाडीत जातो. जातील?"

त्या एका प्रश्नासाठी मी त्या बाईचा आयुष्यभर ऋणी राहीन. बारा वर्षं मी स्वतःला विचारत होतो की मी किती वाईट आहे. तिनं मला विचारलं की मला काय येतं.

"चंद्राबाई," मी म्हटलं, "मी दुसऱ्या खाडीत जातो असं म्हणायचो ना, तेव्हा बहुतेक वेळा तिथून हात हलवत आलेलो असायचो. माल मिळाला असता तर इथे कशाला आलो असतो?"

सगळ्या बायका एकदम कदमांकडे वळल्या. कदम लाल झाले. मग बिचारे हसले.

"अहो, धंद्यातली गोष्ट अशी उघड्यावर सांगतात का?"

"जावन आलाव का नाय?" चंद्राबाई.

"दोन ठिकाणी गेलो होतो," कदम म्हणाले. "तिथं माल आहे. पण नखाएवढा. हॉटेलवाला घेत नाही. त्याला असा हवा." त्यांनी वाकून रेतीतून एक तिसरी उकरली. तळहातावर ती फुगीर, जड, तपकिरी रेघांची तिसरी त्यांनी सगळ्यांना दाखवली. "हा आकार आता या किनाऱ्याला कुणाकडे नाही."

"कुणाकडं नाय, कारन कुणी राखला नाय," सुजाताताई म्हणाली. तिनं एवढंच म्हटलं आणि बाकीचं त्या तिसरीवर सोडून दिलं.

एका बाईनं मला विचारलं की हॉटेलवाला अशा तिसऱ्यांसाठी थांबेल का. मला माहीत नव्हतं, आणि ते मी सांगितलं. थांबेलही, नाहीतर परदेशातला माल घेईल. खात्री मी एकदा दिली होती. पुन्हा देणार नव्हतो.

पाणी दांड्याच्या कडेवर चढू लागलं होतं. मग निर्णयाची त्यांची रीत. दांडा उघडायचा म्हणणाऱ्यांनी बांबूच्या समुद्राकडच्या बाजूला जायचं, बंद ठेवायचा म्हणणाऱ्यांनी डोंगराकडच्या. बौद्धवाडीच्या बहुतेक जणी सुजाताताईबरोबर डोंगराकडे गेल्या. भोईवाडीच्या चार-पाच जणी समुद्राकडे. भोईवाडीच्या बाकीच्या हलल्याच नाहीत, चंद्राबाईंकडे पाहत राहिल्या.

चंद्राबाई बांबूजवळ उभ्या होत्या. त्यांनी कदमांच्या हातातली तिसरी घेतली, टोपलीची बांगडी तिच्यावर धरली. ती अडली. त्यांनी ती फिरवून पुन्हा धरली. मला वाटतं, त्या शोभाचा हिशोब करत होत्या.

"ती आली आणि दोन वर्सांनी परत ममईला जायाची आसंल," त्या कुणाला उद्देशून नव्हे तसं म्हणाल्या, "तर येऊच नको दे."

आणि त्या डोंगराकडच्या बाजूला गेल्या. त्यांच्यामागे एक एक करत भोईवाडी गेली. समुद्राकडे तिघी उरल्या होत्या. त्यातली एक मोठ्यानं कुरकुरत इकडे आली, बाकी दोघी तिथंच उभ्या राहिल्या आणि त्यांना कुणी काही म्हटलं नाही.

ठरलं ते असं: खालचा दांडा या पावसाळ्यापर्यंत बंदच. पुढच्या हंगामात पाळीनं उघडेल, तोही बांगडीच्या मापानं. तोवर कदमांना वरच्या दांड्यावरचा मोठा माल जेवढा निघेल तेवढा. कदम म्हणाले, एवढ्याशा मालासाठी गाडी परवडत नाही. कुणी त्यांना आग्रह केला नाही. पाणी माझ्या पायांच्या बोटांवरून गेलं.

होडीत कदम माझ्या शेजारी बसले. ते रागावले असतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तुमच्यासारखा एक माणूस माझ्याही ऑफिसात हवा होता." मग पँटचे दुमडलेले पाय सोडता सोडता, "नाही तेच बरं."

त्या रात्री चंद्राबाईंच्या घरून एक डबा आला. वरच्या दांड्यावरच्या दोन ओंजळींची एकशिपी, म्हणजे तिसरीचा एक शिंपला काढून मांसासकट दुसरा तसाच ठेवलेलं कालवण, ओल्या नारळाचं, आंबटाला आमसूल. डबा प्रकाशरावांच्या नावानं आला होता. मी वाटेकरी होतो. आम्ही शिंपले चोखून खाल्ले.

हे आधीच सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्यांना उत्सुकता असेल. पुण्याला परत आल्यावर बरेच दिवस मी रोज संध्याकाळी सुजाताताईच्या फोनची वाट पाहिली. एक उधाण गेलं, कदम आले नाहीत. बायकांनी वरच्या दांड्यावरचं जे मिळेल ते दाभोळच्या बाजारात विकलं. दुसऱ्या उधाणाला ते आले. बोलले होते त्याच्या पाव हिश्शाचाच माल मागितला, तोही मोठाच, आणि पुढच्या हंगामात खालच्या दांड्याचा पहिला माल मला द्या, असं सांगून गेले. हॉटेलवाला तोवर थांबेल की नाही ते त्यांनाही माहीत नाही. शोभा अजून मुंबईतच आहे.

प्रतिपदा

निघालो त्या सकाळी हवेत गारठा होता. प्रकाशराव दाभोळला जाणाऱ्या बायकांना घेऊन निघणार होते, त्याच होडीत मी. काठावर चंद्राबाई आधीच येऊन बसल्या होत्या, शेजारी सुक्या मासळीची टोपली. पाणी अजून उतरलेलं होतं, खोल पाण्यातली होडी काठाशी आणायला प्रकाशराव चिखलातून गेले होते.

मला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. रात्रभर मी ते मनात जुळवलं होतं. तुम्ही काल माझं ऐकलंत, तुमची मुलगी लांब असताना ऐकलंत, मी हे विसरणार नाही, असं काहीसं. मी अर्धं बोललो.

"तुमच्या सांगण्यावरनं नाय हां," चंद्राबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे..."

"आणि तवा पण तुमच्या सांगण्यावरनं नाय केलं." त्या टोपलीवरचं फडकं नीट करत होत्या. "बांबू तुमी म्हनलाव म्हणून उपटला नाय. माज्या घरावर पेंढा हुता, मला कौलं पायजे हुती. आजून हायत ती. बगितलाव ना?"

"बघितली."

"मला दिसत नव्हतं व्हय, रेतीत काय ऱ्हायलंय ते? तुमी वर गाडीत बसायचाव. हात माजा हुता रेतीत." मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "सगळं सोताकडं घेऊ नका. थोडं आमचं पण आसू दे."

त्यांच्या बोलण्यात माफी नव्हती, आणि मी माफीसाठीच इतक्या लांब आलो होतो. त्यांनी मला त्यांच्याबरोबर उभं केलं होतं, चुकलेल्या माणसांच्या रांगेत, त्यांच्या शेजारी.

होडी आली. चंद्राबाई आधी चढल्या, टोपली पायाशी घेतली. मी काठावरच उभा होतो.

"बसा की," त्या म्हणाल्या आणि टोपली थोडी आत ओढली. "किती वेळ होडी धरून ठेवायची त्यानं?"

मी बसलो.